सेल्फ मारला की नुसती टकटक, गाडी चालू होत नाही

यावलकर: भाऊ लोकं, रोज यावल-भुसावळ चालणारी गाडी आहे, परवापासून बटन दाबलं की सीटखाली नुसतं टक-टक वाजतं आन मीटरची लाईट मंद होते, किकवर मात्र चालू होते. मेकॅनिक म्हणतो सेल्फची मोटर बदला. खरंच मोटर गेली का भो?

अमळनेरी: मोटर लगेच बदलू नको भो! किकवर चालू होते म्हणजे प्लग-कॉइल ठीक, टकटक म्हणजे रिले (सेल्फच्या मोटरला करंट जोडणारा स्विच) ओढतोय पण करंट पुरत नाही. मल्टीमीटर लाव, चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, सेल्फ मारताना १० च्या बरीच खाली गेली तर बॅटरी संशयात. आपल्याकडच्या उन्हात ती तशीबी लवकर मरते.

धुळेकर: त्याआधी टर्मिनल घासा दादा, काढताना आधी मायनस. इंजिनला येणारी अर्थची वायरपण खोलून साफ करा, ती कोणीच बघत नाही.

यावलकर: दोन्ही केलं, तरी बटन दाबल्यावर मल्टीमीटर ८ व्होल्टच दाखवतंय.

अमळनेरी: मग चार्ज करून दुकानात लोड टेस्ट (भार टाकून बॅटरी तपासणं) कर, तिथंपण पडली तर बॅटरीच बदल. नवी टाकल्यावर रेस देऊन टर्मिनलवर १४ व्होल्टच्या आसपास येतात का ते नक्की बघ, नाहीतर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्ट सांभाळणारा भाग) खराब असला तर नवीपण मरेल.