नवीन मेंबर आणि मागची खुर्ची

तुम्ही लिहिलंय की सीएची मेंबरशिप मिळाली, सेमिनारला गेलो, मागं बसलो, जेवून आलो, कुणी विचारलंच नाही. अहो, आयसीएआय म्हणजे देशभरातल्या सीएंची १९४९ ची संस्था, मेंबर चार लाखांच्या वर, दिल्लीच्या मुख्य ऑफिसकडं बघत बसलात तर कोण विचारणार? आपली सांगलीची ब्रांच धरा. प्रॅक्टिस करणार असाल तर तीन वर्षांत १२० तास सीपीई (म्हणजे सीएंना सक्तीचं असलेलं पुढचं शिक्षण) करायचेच आहेत, मग ते नुसते सही करून भरण्यात काय मजा.

पुढच्या प्रोग्रॅमच्या आधी कमिटीतल्या कुणालाही फोन करा, रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसतो म्हणा, येणारा प्रत्येकजण तिथं नाव सांगूनच आत जातो, तुमची ओळख आपोआप होते. आणि चहाच्या वेळी एखाद्या सीनियरला हळद-बेदाण्याच्या अडत्यांच्या कमिशनवर जीएसटी कसा बसतो ते विचारा, मार्केट यार्डाची कामं करणारे खुर्ची ओढून सांगत बसतात, हे पुस्तकात नाही हो मिळत. फक्त कार्डं वाटत फिरू नका (क्लायंट मागायला आपल्याला तशीही बंदी आहे!), लोकांना ते लगेच कळतं.

१ जुलैच्या सीए डेला कामाला माणसं कमीच पडतात, तेव्हा नक्की नाव द्या.