स्टेजसमोरची जागा पैसेवाल्यांना का? (रॉक कॉन्सर्टची पब्लिक, चर्चा)

बाळीवेस_बास
सरळ मुद्द्यावर येतो. मोठ्या रॉक कॉन्सर्टला स्टेजसमोरचा कप्पा सगळ्यात महाग विकतात, आणि माहोल तिथंच मरतो.

मागच्या हिवाळ्यात आम्ही काही दोस्त सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला एका परदेशी बँडला गेलो. तिकीट सगळ्यात मागचं. आमच्याकडं पब्लिक घसा फाडून गात होती, अनोळखी पोरं गळ्यात गळे घालून उड्या मारत होती. आणि मोठ्या स्क्रीनवर काय दिसतंय? कठड्याला टेकून, स्टेजकडं पाठ करून सेल्फी. ड्रमवाला जीव तोडून वाजवतोय आणि पहिल्या रांगेतला एक गडी फोनवर कुणाला तरी हिशोब समजावतोय! गायकाला समोरची शे-पाचशे तोंडंच नीट दिसतात. तीच गार पडली तर तो कुणासाठी गाणार बे?

सगळे मोबाइलच्या नावानं ओरडतात. टूल हा बँड शेवटच्या गाण्यापर्यंत शूटिंग करू देत नाही, गायक जॅक व्हाइटनं 2018 च्या दौऱ्यात फोन पिशवीत कुलूपबंद करायला लावले. ठीक आहे. पण ज्याला ऐकायचंच नाही, त्याचा फोन काढून घेतला तर तो शेजाऱ्याशी गप्पा मारेल.

कुर्डुवाडी_जंक्शन
आणि पुढं सोडायचं कुणाला? जो आधी येईल त्याला? 3 डिसेंबर 1979, अमेरिकेतलं सिनसिनाटी, ‘द हू’ या बँडचा कार्यक्रम. जागा ठरलेल्या नव्हत्या, पुढची जागा धरायला दाराशी रेटारेटी झाली, 11 जणं मेली. त्या गावात अशा तिकिटांवर 2004 पर्यंत बंदी होती. अशा गर्दीत माणूस पायाखाली येऊनच मरतो असं नाही, उभ्या उभ्या छाती दाबून श्वास थांबतो. एका चौरस मीटरात सहा-सात माणसं कोंबली की कुणाच्या हातात काही राहत नाही, गर्दी नेईल तिकडं जायचं. महाग तिकिटानं पुढं माणसं कमी राहतात. त्याला गारठा म्हणा, मी सुरक्षितता म्हणतो.

बाळीवेस_बास
सिनसिनाटीत हजारो लोक बाहेर आणि दारं उघडली मोजकीच. दोष दारांचा. माणसं कमी ठेवायला पैसेच कशाला लागतात? डेन्मार्कचा रॉस्किल्ड महोत्सव बघा. 2000 साली पर्ल जॅम हा बँड वाजवत असताना पुढच्या रेट्यात 9 पोरं गेली. नंतर त्यांनी मुख्य स्टेजसमोर वेगळे कप्पे केले. रांग लावायची, ठरलेली डोकी आत गेली की बंद. जादा पैसे नाहीत. ज्याला तळमळ आहे तो दुपारपासून उभा राहतो आणि पुढं तोच असतो.

विजापूर_वेस
मोबाइलवाल्यांना उगाच धोपटू नका ओ. माझ्या दोस्ताची सुट्टी मंजूर झाली नाही, तिकीटही परवडत नव्हतं. त्याला व्हिडिओ कॉलवर दोन गाणी दाखवली. तो इकडं जुळे सोलापुरात गच्चीवर नाचत होता. मागच्याला अडचण झाली असेल, होऊ दे की. आणि तुम्ही मागं घसा फाडत होता म्हणे. शेजारचा माणूस बँडला ऐकायला आला होता, तुम्हाला नव्हे!

बाळीवेस_बास
गाणं म्हणायचं नाही तर घरी स्पीकरवर ऐकावं.

होम_मैदान
आपल्या पब्लिकला वळण नाही असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे उंच काठ्या, निघतात, तेव्हा रस्त्यावर मुंगीला वाट नसते. तरी सातही काठ्या त्याच गर्दीतून जातात. तिकीट नाही, व्हीआयपी कप्पा नाही.

कुर्डुवाडी_जंक्शन
तिथं मानकरी पिढ्यान्‌पिढ्यांचे, मार्ग ठरलेला, बघणारा त्याच गल्लीतला. कॉन्सर्टला कोण कुणाला ओळखतो? 2011 मध्ये मेटॅलिका हा बँड गुडगावला येणार होता. स्टेजसमोरच्या कठड्याचा घोळ झाला, कार्यक्रम ऐनवेळी थांबला आणि पब्लिकनं स्टेजवर चढून सामान फोडलं.

बाळीवेस_बास
अर्धंच सांगितलंत. दोन दिवसांनी तोच बँड बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेला. पब्लिक आपल्याच देशातली, गाणी तीच. कठडा नीट बांधला तर पब्लिक नीट वागते.

शेळगीची_सई
सगळे पुरुष बोलून झाले असतील तर मी बोलते.

मी सगळ्यात महागडं तिकीट घेतलं होतं. गाणी ऐकायला मागची जागा पुरली असती. जादा पैसे दिले ते अंगावर हात पडू नयेत म्हणून. त्याआधी एकदा स्वस्तातल्या गर्दीत उभी राहिले होते. दिवे गेले की काय काय होतं ते इथल्या एकाही पुरुषानं लिहिलेलं नाही. दादा, तुम्हाला जो माहोल वाटतो, त्यात मी पूर्ण वेळ कोपर बाहेर काढून उभी होते. बास कधी वाजला, सोलो कधी झाला, पत्ता नाही.

विजापूर_वेस
मॉशपिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोर एकमेकांना धडका देत नाचतात तिथं, नियम असतात ना ताई? कुणी पडलं की आधी त्याला उचलायचं, मगच पुढं उड्या. मेटलवाली पोरं दिसायला राक्षस, पण तो नियम पाळतात.

शेळगीची_सई
पडलेल्याला उचलतात, खरंय. मी पडले नव्हते.

बाळीवेस_बास
सई, याला माझ्याकडं उत्तर नाही. कप्प्यात डोकी मोजून सोडली की कोण काय करतंय हे निदान दिसतं. कठड्याशी बायका सुरक्षारक्षक उभ्या ठेवा, तक्रार आली की त्या माणसाला तिथल्या तिथं बाहेर काढा. हे पैशाशिवाय करता येतं, एवढंच माझं म्हणणं.

कुर्डुवाडी_जंक्शन
रक्षकांचा पगार तिकिटातूनच येतो.

बाळीवेस_बास
मग सगळ्यांच्या तिकिटात थोडा थोडा घाला की. सुरक्षा फक्त पुढच्यांनाच कशाला?

शेळगीची_सई
हे पटलं. पण ते होईपर्यंत मी महागडंच घेणार. आणि तुमच्या त्या फुकटच्या कप्प्यासाठी दुपारपासून रांगेत थांबायचं म्हणताय, तर बायकांची स्वच्छतागृहं रांगेपासून किती लांब असतात ते आधी सांगा.