अ‍ॅक्वाच्या गाण्यात हलगी बसंना, अन् त्या केसचं नेमकं काय झालं?

लातूर_साउंड: गॅदरिंगला पोरींनी पॉप बँड अ‍ॅक्वाच्या 'अ‍ॅक्वेरियम'मधल्या (१९९७ चा अल्बम) गाण्यांची मेडली (तुकडे जोडून केलेली माळ) मागितलीय. 'बार्बी गर्ल'च्या मध्ये ८ बार (चार-चार ठोक्यांचे) हलगी टाकायचीय. हलगी ११८ बीपीएमला (मिनिटाला ११८ ठोके) रेकॉर्ड केलेली, गाणं १३० ला. ताणून बसवली तरी ठेका लंगडायलाय. शिवाय सर विचारायलेत, ह्या गाण्यावर केस झाली होती म्हणं, वाजवावं का? अल्बम तरी चालला होता का नुसता गाजला?

ठेकेदार_परभणी: लंगडणं वेगामुळं नाही. वरातीतली हलगी बहुतेक सहाच्या चालीत असते. गाण्याच्या एका किकवर (मोठ्या ड्रमचा ठोका) हलगीचे तीन ठोके पडतात, हाय-हॅटचे (झांजेचे) दोन किंवा चार. ते एकमेकांच्या सांदीत जातात. त्या ८ बारपुरतं (१३० ला पावणेपंधरा सेकंद) गाण्याचं २०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, नुसती किक राहू द्या. नाहीतर वादकाला १३० ची क्लिक देऊन चारचा सरळ ठेका नव्यानं घ्या, हेच बरं. हलगी आधी शेकून घ्या, थंड पडली की आवाज बसतो. १० टक्के ताणायचंच असंल तर की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) नको, ठोक्याची धार जाते. एकेक ठोका कापून ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर) ठेवा.

जुनी_कॅसेट: केस मॅटेल या बार्बी बाहुलीच्या कंपनीनं १९९७ मध्ये अमेरिकेत गाणं काढणाऱ्या एमसीए रेकॉर्ड्सवर टाकली. बाहुलीचं नाव अन् प्रतिमा वापरली, गाणं चावट आहे, ही तक्रार. मॅटेलनं बँक लुटणाऱ्यांशी तुलना केली म्हणून एमसीएनं उलट बदनामीचा दावा ठोकला. २००२ मध्ये अपील कोर्टानं गाणं विडंबन ठरवलं, दोन्ही दावे फेटाळले अन् दोघांनाही शांत व्हायला सांगितलं. गंमत बघा, २००९ मध्ये त्याच कंपनीनं शब्द बदलून हेच गाणं जाहिरातीत घेतलं.

चाललं का? ब्रिटनमध्ये 'बार्बी गर्ल' चार आठवडे पहिलं, पाठोपाठ 'डॉक्टर जोन्स' अन् 'टर्न बॅक टाइम'ही पहिल्या नंबरला. अमेरिकेत 'बार्बी गर्ल' सातवं, पुढचं 'लॉलिपॉप' २३ वर थांबलं. अल्बम मात्र तिथंही सातव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे फ्लॉप म्हणता येत नाही. माझ्या मते तिथल्या रेडिओनं ह्यांना एका गमतीच्या गाण्याचा बँड समजून सोडून दिलं. 'टर्न बॅक टाइम' मेडलीत घेऊ नका, संथ आहे, पोरी नुसत्या उभ्या राहतील.

ठेकेदार_परभणी: गायिका लेनेचा आवाज मुळातच बारीक. की-लॉक बंद ठेवून गाणं ६ टक्के वाढवलं की सूर अर्धा स्वर चढतो अन् टॉपमधून (वरच्या स्पीकरमधून) किरकिर येते. गाणं १३० लाच ठेवा, हलगी त्याच्याकडं आणा. अन् १२८ केबीपीएसची (दाबून लहान केलेली) फाइल मैदानावर लावू नका.

जुनी_कॅसेट: सरांना सांगा, प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक अन् पालक एवढेच असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(j) मध्ये सूट आहे. तिकीट लावून गाव बोलावलं तर ती लागत नाही. रील टाकली की आवाज म्यूट होऊ शकतो, ती भानगड वेगळी.