मदत हवी आहे: अण्णांचं तोंड वाकडं झालं आणि लगेच बरंही झालं, तरी न्यावं का?

मी पुण्यात असते, आई-अण्णा गावाकडे, केज तालुक्यात. अण्णा सत्तरीच्या पुढचे. बीपीची गोळी आहे, पण शेतात कामं निघाली की ती राहते. आज सकाळी चहा पिताना उजव्या हातातून बशी सुटली, चहा धोतरावर सांडला तरी त्यांना समजलं नाही. आईने बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं, बोलणं बोबडं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं जागेवर आलं आणि अण्णा गुरांना कडबा टाकायला गेले!

शेजारचे म्हणतात ऊन लागलं, कांदा हुंगवा. आईचं म्हणणं, अंगावरून वारं गेलं असतं तर माणूस असा उठला असता का? अण्णा तर दवाखान्याचं नाव काढू देत नाहीत. मी उद्या संध्याकाळी पोचते. तोवर थांबलं तर चालेल? कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद
ताई, थांबू नका. लातूरला मी नर्स आहे, म्हणून कळकळीने सांगते. तुम्ही लिहिलंय ते मिनी स्ट्रोकसारखंच आहे. मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि पुन्हा सुरू होतो, म्हणून माणूस ठणठणीत दिसतो. पण मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या ४८ तासांतच सगळ्यात जास्त असतो. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ पडेल. तिथे मेंदूचा स्कॅन, ईसीजी, साखर, मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर (रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) हे विचारा. साखर उतरली तरी असं होऊ शकतं, म्हणून तीही बघायचीच.

स्कॅनआधी कुणाच्या सांगण्यावरून अ‍ॅस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव असेल तर उलटं होईल. वाटेत पुन्हा तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, शब्द फुटेना, एका डोळ्याने दिसेना किंवा एकदम तोल गेला, तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा. मेंदूत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न वेळेचाच विचारतात. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

अण्णांशी वाद घालत बसू नका. "बीपी तपासून येऊ" एवढंच म्हणा.

धागाकर्ती
खूप आभार ताई. चुलतभावाने जीप काढली आहे. अण्णा कुरकुरत का होईना, बसलेत. आईला गोळ्यांची पाकिटं सोबत घ्यायला आणि बशी पडली ती वेळ डॉक्टरांना सांगायला लावलंय. स्कॅनचा रिपोर्ट आला की इथेच लिहिते.