रेड डेड रिडेम्प्शन २ : नवख्या खेळाडूने सुरुवात कशी करावी?

शाहूपुरीकर_७

सर्व सभासदांना नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो. आतापर्यंत मी फुटबॉलचे आणि मोटार-शर्यतीचे खेळच खेळलो आहे. गेल्या आठवड्यात सवलतीच्या दरात मिळाल्यामुळे संगणकासाठी रेड डेड रिडेम्प्शन २ घेतला. एवढ्या विस्तीर्ण, मोकळ्या जगाचा खेळ मी प्रथमच खेळत आहे. सुरुवातीचा बर्फातला भाग सुरू आहे, तो फार संथ वाटतो आणि मनाला येईल तिकडे जाताही येत नाही. हा भाग संपल्यावर नेमके काय करावे, पैसे कशावर खर्च करावेत, आणि पुढे पस्तावावे लागेल अशा कोणत्या गोष्टी टाळाव्यात, हे जाणकारांनी सांगावे. या मालिकेतला २०१० सालचा खेळ मी खेळलेलो नाही. त्यावाचून काही अडेल का? कृपया कथानक उघड करू नये, ही विनंती.

राजारामपुरीचा_स्वार

नमस्कार. आधीचा खेळ न खेळल्याने काहीही अडणार नाही. २०१० च्या खेळाची कथा १९११ सालात घडते आणि तुमच्या हातातली कथा १८९९ सालातली, म्हणजे त्याच्या आधीची आहे. कथेच्या क्रमाने पाहिले तर तुम्ही योग्य ठिकाणाहूनच सुरुवात केली आहे.

बर्फातला पहिला अध्याय संथ आहे हे खरे, पण तो घाईने उरकू नका. तालमीत नव्या पोराला आखाड्यात उतरवण्यापूर्वी दंड-बैठका घालायला लावतात, तसाच हा भाग आहे. घोडा कसा हाकायचा, थंडीत कोणते कपडे घालायचे, तुमच्या लुटारू टोळीतल्या चार्ल्सबरोबर शिकारीला जाऊन धनुष्य कसे वापरायचे, हे सगळे तिथेच शिकवले जाते आणि त्याचा उपयोग शेवटपर्यंत होतो. दुसऱ्या अध्यायात टोळीची छावणी हॉर्सशू ओव्हरलुक येथे पडते आणि तिथून जग खऱ्या अर्थाने मोकळे होते. एक मात्र आधीच ध्यानात ठेवा. कथेच्या सुरुवातीलाच टोळी ब्लॅकवॉटर गावातून पळून आलेली असते, त्यामुळे त्या परिसरात तुमच्या नावावर मोठे इनाम लागलेले आहे. नकाशावर गाव दिसले म्हणून कुतूहलाने तिकडे गेलात, तर इनामासाठी माणसे पकडणाऱ्या टोळ्या पाठ सोडणार नाहीत.

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो कोपऱ्यातल्या गोल चिन्हांपाशी. प्रकृती, दम आणि डेड आय (वेळ मंदावून नेम धरण्याची शक्ती) या तिन्हींना एक बाहेरचे कडे आणि आत एक गाभा असतो. कडे भराभर रिकामे होते आणि गाभा शाबूत असेल तर आपोआप भरून येते. गाभा मात्र खाण्याने आणि झोपेनेच नीट भरतो. म्हणून चकमकीत कडे रिकामे झाले की लगेच महागडे टॉनिक पिण्याऐवजी रोज पोटभर खाणे आणि रात्री झोपणे, ही सवय लावून घ्या.

दुसरी गोष्ट घोड्याची, आणि ती मला मनापासून सांगावीशी वाटते. या खेळात घोडा हे नुसते वाहन नाही. त्याला खरारा करा, चारा घाला, दौडीनंतर मानेवर थाप मारा. त्याने जिव्हाळ्याच्या चार पायऱ्या चढतात आणि प्रत्येक पायरीला त्याची ताकद व दम वाढतो. जिव्हाळा वाढलेला घोडा गोळीबारातही कमी बिथरतो. तबेल्यात घोड्याला शुद्धीवर आणणारे औषध मिळते. ते एक तरी झोळीत असू द्या, कारण ते जवळ नसताना घोडा जबर जखमी झाला तर तो कायमचा जातो. खोगीर मात्र वाचते. ते उतरवून खांद्यावर घ्या आणि नव्या घोड्यावर चढवा. आणि घोड्यावरून उतरताना लांब नळीच्या बंदुका आठवणीने सोबत घ्या. त्या खोगिरालाच राहिल्या तर ऐन चकमकीत हातात फक्त पिस्तूल उरते.

पन्हाळ्याचा_पाऊस

वरील सभासदांनी घोड्याविषयी लिहिले आहे ते अगदी योग्य आहे. मी संगणकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

या खेळाला सुमारे १५० जीबी जागा लागते, त्यामुळे शक्य असल्यास तो एसएसडीवरच ठेवा. चित्र अडखळत असेल तर सगळ्याच सेटिंग्ज खाली आणू नका. आधी पाण्याच्या हालचालीची गुणवत्ता आणि एमएसएए (चित्राच्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) या दोन गोष्टी कमी करून पाहा, कारण ग्राफिक्स कार्डावर त्यांचा भार फार पडतो आणि त्या कमी केल्याने डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. खेळ आपोआप सेव्ह होतो, तरीही प्रत्येक मोहीम संपली की मेनूतून स्वतः सेव्ह करण्याची सवय ठेवा. मोहीम चालू असताना सेव्ह करता येत नाही. म्हणून बाहेर विजा चमकत असतील तेव्हा लांबलचक मोहीम हाती घेऊ नये, हे उत्तम.

माउस-कीबोर्डवर खेळणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना आहे. समोरच्या माणसाशी बोलण्यासाठी माउसचे उजवे बटण दाबून धरायचे असते, आणि हातात शस्त्र असेल तर त्याच बटणाने नेम धरला जातो. व्हॅलेंटाइन गावाच्या भर रस्त्यात दुकानदाराला नमस्कार करायला जावे आणि त्याच्यावर पिस्तूल रोखले जावे, असा प्रकार त्यातून घडतो. मग कोणीतरी साक्षीदार शेरीफकडे धावतो आणि नाहक दंड बसतो. गावात शिरण्यापूर्वी टॅब कळ एकदा दाबून शस्त्र म्यान करा. दंड बसलाच, तर टपाल कार्यालयात पैसे भरून तो मिटवता येतो.

शाहूपुरीकर_७

दोघांचेही मनःपूर्वक आभार. गाभा आणि कडे यांतला फरक आता कुठे समजला. पैशांविषयी मात्र अजून स्पष्टता नाही. छावणीतल्या पेटीत पैसे टाकावेत, की आधी चांगली बंदूक घ्यावी? आणि शिकारीत कातडी वारंवार खराब दर्जाची का मिळते?

करवीर_वाचक

माझ्या मते आधी छावणी. दुसऱ्या अध्यायात छावणीची हिशेबवही तुमच्यासाठी खुली होते. तीतून प्रथम टोळीचा म्होरक्या डच याच्या राहुटीची सुधारणा २२० डॉलरला करावी लागते आणि मग आर्थरच्या, म्हणजे तुम्ही खेळता त्या पात्राच्या, राहुटीची ३२५ डॉलरला करता येते. या दुसऱ्या सुधारणेने छावणीतून एकदम दूरच्या ठिकाणी पोहोचवणारा नकाशा मिळतो आणि पुढचे कितीतरी तास वाचतात. बंदुका कथेच्या ओघात मिळत राहतात, त्यामुळे सुरुवातीलाच त्यांच्यावर पैसे घालण्याची गरज मला वाटत नाही. असलेल्या बंदुकीला मात्र वेळोवेळी तेल लावा, कारण पावसाचिखलात तिची मारकशक्ती घटते.

एवढे पैसे आणायचे कोठून, असा प्रश्न पडेल. छावणीपासून जवळच लिंपनी नावाचे जळून खाक झालेले गाव आहे. तिथल्या शेरीफच्या कचेरीत मेजाखाली एक पेटी आहे आणि तीत सोन्याची वीट आहे. ती चोरीचा माल घेणाऱ्या दुकानदाराला ५०० डॉलरला विकता येते. असा पहिला दुकानदार एमराल्ड रँचवर, टोळीतल्या होझियाबरोबरच्या मोहिमेनंतर, उपलब्ध होतो.

शिकारीचे सांगायचे तर दर्जा नेम धरण्यापूर्वीच पाहावा लागतो. दुर्बिणीतून जनावर न्याहाळले की त्याच्यापुढे तारे दिसतात. तीन तारे नसतील तर उत्तम कातडी मिळणारच नाही. तीन तारे असूनही शस्त्र चुकीचे असेल तर दर्जा घसरतो. ससा, खार अशा लहान जनावरांसाठी लहान शिकारीचे वेगळे बाण वापरा. हरणासाठी साधा बाण पुरतो, पण तो डोक्यात बसला पाहिजे. वाऱ्याची दिशा पाहून, ओणवे होऊन जवळ जा. आख्खे जनावर घोड्यावर लादून फिरत राहिलात तर ते सडू लागते. कातडी सडत नाही, पण घोडा मेला तर पाठीवरची मोठी कातडी हातची जाऊ शकते.

आणखी एक आग्रहाची विनंती. रस्त्यात कोणी मदतीसाठी हाक मारली तर थांबून पाहा. काही जण लुटारू निघतात हे खरे, परंतु साप चावलेला एक माणूस भेटतो. त्याचे विष चोखून काढले किंवा त्याला औषध दिले, तर तो पुढे कधीतरी बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला दिसतो आणि तुम्हाला हवी ती एक वस्तू स्वतःच्या खर्चाने घेऊन देतो. छावणीतली माणसेही अधूनमधून लहानसहान वस्तू मागतात. त्या मागण्या कथा पुढे सरकल्यावर बंद होतात, म्हणून पिवळ्या खुणांच्या मुख्य मोहिमा सलग न उरकता मधूनमधून छावणीत एखादी संध्याकाळ काढा, शेकोटीपाशी बसा आणि कोण काय बोलते ते ऐका. या खेळातले उत्तम लेखन मला तिथेच सापडले.

राजारामपुरीचा_स्वार

एक गोष्ट राहून गेली होती. लांबच्या रपेटीत नकाशावर ठिकाण निवडा, घोडा रस्त्यावर धावता ठेवा आणि व्ही कळ दाबून धरा. कॅमेरा चित्रपटासारखा लांब जातो आणि घोडा वाट धरून आपोआप चालत राहतो. आणि घोडा बदलायचा विचार मनात आला, तर लेक इझाबेला या तलावाच्या बर्फाळ काठी एक जंगली पांढरा अरबी घोडा फिरतो, तो दुसऱ्या अध्यायातही पकडता येतो. जाताना उबदार कपडे घ्या, आपला घोडा दूर थांबवा, आणि जंगली घोडा बिचकला की जागीच उभे राहून त्याला शांत करत हळूहळू पुढे सरका.