मदत हवी आहे: रोमन अधिकाऱ्याच्या पदांचा क्रम लागत नाही

तक्तेवाला: परवा तक्ता द्यायचा आहे. सगळीकडे लिहिलंय की इक्वेस्ट्रियन (सिनेटरांच्या खालच्या श्रीमंत वर्गातल्या) माणसाच्या लष्करी सेवेच्या पायऱ्या तीन, फार तर चार. माझ्या शिलालेखात आठ भरतात! वर शेवटी हा माणूस लीजनचा (सुमारे पाच हजारांच्या सैन्यदलाचा) प्रमुख, तोही एकामागून एक सहा लीजनांचा. वाचनात चूक आहे का? लवकर सांगा.

शिळापट: कोणाचा लेख? कुठे सापडला? पदं चढत्या क्रमाने आहेत की उतरत्या? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

रोमप्रेमी: पर्टिनॅक्स असणार. सीरियात कोहॉर्ट (पायदळाची तुकडी), मग ब्रिटन, डॅन्यूबकाठच्या मोएशियात घोडदळ, ऱ्हाइनवरचं आरमार, डेशियात (आजचा रोमानिया) वर्षाला दोन लाख सेस्टर्सेस (रोमन नाणी) पगाराचं पद, आणि शेवटी 193 मध्ये सम्राट. तक्ता त्याचाच करा, लोकांना आवडेल.

तक्तेवाला: पर्टिनॅक्स नाही हो. मार्कस व्हॅलेरियस मॅक्सिमियानस, पोएटोव्हियोचा (आजच्या स्लोव्हेनियातलं प्तुय). लेख अल्जीरियातल्या झानाचा. क्रम चढता.

शिळापट: मग वाचन ठीक आहे, मोजणी चुकली. 'प्राएफ' (प्रीफेक्ट) आणि 'प्राएप' (प्राएपोझिटुस) वेगळे काढा, दगडावर एका अक्षराचा फरक असतो. प्रीफेक्ट आणि ट्रिब्यून ही लष्करी अधिकाऱ्यांची ठरलेली पदं, प्राएपोझिटुस म्हणजे खास कामगिरीवर नेमलेला. पायऱ्यांमध्ये फक्त प्रीफेक्ट-ट्रिब्यूनची ठरलेली पदं धरा:
१) पहिली थ्रेसियन कोहॉर्ट, प्रीफेक्ट
२) पहिली हामियन कोहॉर्ट, ट्रिब्यून
३) अरावाकी घोडदळ, प्रीफेक्ट
४) भालाईत घोडदळ (कोन्तारी), प्रीफेक्ट
काळ्या समुद्रावरचा पाँटसचा किनारा सांभाळणं, डॅन्यूबवरून होड्यांनी पॅनोनियाच्या (आजच्या पश्चिम हंगेरीकडचा प्रांत) सैन्याला रसद पोचवणं, मिसेनम, रॅव्हेना आणि ब्रिटनच्या आरमारांतल्या तुकड्या, सीरियाचा सुभेदार कॅसियस याच्या बंडावर पूर्वेकडे नेलेलं मार्कोमन्नी-क्वाडी या जर्मन टोळ्यांचं घोडदळ, हे सगळं शेजारच्या रकान्यात टाका. आठातले चार गेले.

सनावळी: दुसरी पायरी चुकली. ट्रिब्यून लीजनचा लागतो, आणि तो घोडदळाच्या नंतर येतो. सम्राट क्लॉडियसने तसाच क्रम लावला होता.

शिळापट: लावला होता, पण टिकला नाही. मॅक्सिमियानस सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळचा, शंभरेक वर्षांनंतरचा. तोवर कोहॉर्ट, मग ट्रिब्यून, मग घोडदळ हेच रूढ झालं होतं. आणि दुसऱ्या पायरीला लीजनच हवं असं नाही, कोहॉर्टचा ट्रिब्यूनही चालतो.

सनावळी: तरी तक्त्याखाली क्लॉडियसची टीप हवीच.

रोमप्रेमी: इक्वेस्ट्रियन व्हायला 4 लाख सेस्टर्सेसची मालमत्ता लागे, सिनेटरला 10 लाख. हे कोणी लिहीतच नाही!

तक्तेवाला: मालमत्ता नको आहे. सहा लीजनांचं सांगा.

दगडधोंडा: मध्ये तीन प्रोक्युरेटरपदं (प्रांतातला सम्राटाचा कारभारी) आहेत ना? खालचा मोएशिया, वरचा मोएशिया, डेशिया पोरोलिसेन्सिस. त्यांच्यापुढे सम्राटाने त्याला थेट सिनेटमध्ये, माजी प्रेटरांच्या (कॉन्सुलच्या खालचे न्यायाधिकारी) बरोबरीने बसवलं. तिथे जाड रेघ मारा, इक्वेस्ट्रियन कारकीर्द तिथे संपली. लीजनचं प्रमुखपद सहसा सिनेटरला मिळे, आणि ही सहा लीजन त्यापुढची आहेत, त्यामुळे विसंगती काहीच नाही. शेवटचं तिसरं ऑगस्टा, आफ्रिकेतलं, म्हणून लेख झानाला. पडताळा स्लोव्हाकियात आहे: त्रेनचिनच्या किल्ल्याखालच्या कड्यावर 179-180 च्या हिवाळ्याचा लेख, दुसऱ्या लीजनचे 855 सैनिक, आणि खाली मॅक्सिमियानसचं नाव. तिथे 'लेग लेग' असं दोनदा येतं. पहिलं लेगेट (लीजनचा प्रमुख), दुसरं लीजन. एक गाळलंत तर पदच नाहीसं होईल.

तक्तेवाला: पगाराचा रकाना काय भरू? 'सेन्तेनारिया' कुठे लिहायचं?

दगडधोंडा: पूर्वेकडच्या घोडदळाच्या कामगिरीपुढे, 175 साल, वर्षाला 1 लाखाचा दर्जा. लगेच पुढच्या खालच्या मोएशियापुढे लेखातच 'वाढीव पगार' आहे, तेवढंच लिहा, आकडा घालू नका. त्याच पदावर असताना मॅसिडोनिया-थ्रेसच्या सीमेवरचे दरोडेखोर हुसकायला पाठवलं, तेही खास कामगिरीत.

तक्तेवाला: आणि नारिस्ती टोळीचा म्होरक्या व्हालाओ, ज्याला याने स्वतःच्या हाताने मारलं?

शिळापट: तिसऱ्या पायरीवर, अरावाकी घोडदळापुढे. सम्राटाने सर्वांसमोर वाखाणलं, घोडा, पदकं आणि शस्त्रं दिली. चौथ्या पायरीचा मान त्याच घोडदळात असताना मिळाला, म्हणून बाण तिथूनच वर काढा.