उघड्या मानेची पिल्लं हवीत: दुसरा कोंबडा आणू की लेकी बापाकडेच ठेवू?

रानवारा
माझ्याकडे उघड्या मानेचा एक कोंबडा आणि पिसांनी भरल्या मानेच्या सहा कोंबड्या आहेत. उन्हाळ्यात कोंबड्या चोच वासून सावलीत पडून राहतात, हा मात्र भर दुपारीही उकरत फिरतो. म्हणून सगळा कळपच त्याच्यासारखा करायचा आहे. मागच्या रवणीत ११ पिल्लं निघाली, त्यात ६ उघड्या मानेची आणि ५ साधी. आता त्याच्या लेकी मोठ्या झाल्या की त्याच्याबरोबरच ठेवू, की दुसरा कोंबडा आणू?
आधीच सांगतो, खुराडं एकच आहे. १२ मोठ्या पक्ष्यांच्या वर जागा नाही आणि दुसरं बांधणार नाही.

तुरेवाला
आधी तीन खुराडी बांधा. एकात बाप, दुसऱ्यात लेक, तिसऱ्यात निवडीची तरुण पिल्लं. त्याशिवाय पैदास होत नाही. माझ्याकडे पाच आहेत. मी रोझ तुऱ्याची ओळ सहा पिढ्या चालवली, आज एकही पिल्लू एकेरी तुऱ्याचं निघत नाही. बसका, दाणेदार, मागे टोक असलेला तुरा बघत राहावा असा. मानेपेक्षा तुऱ्यावर काम करा, बघणाऱ्याला लगेच दिसतं.

पिसारा
दोन सारखे पक्षी कधीच जोडू नका! मी कुरळ्या पिसांचा कोंबडा आणि तशीच कोंबडी जोडली. वाटलं, पिल्लं आणखी कुरळी होतील. साधारण चौथाई पिल्लं अशी निघाली की बघवेना. एक तलंग (तरुण कोंबडी) हातात धरली तर पिसाच्या दांड्या वाळल्या काडीसारख्या मोडून तळहातावर राहिल्या. पाठ उघडी, थंडीत कुडकुडायची. शेवटी ती गेलीच. कुरळ्याला साध्या पिसांचीच जोडी द्यायची, हे मला कुणी आधी सांगितलं नाही.

जुनंखोड
सगळं कोंबड्यावर असतं. कोंबडा दणकट आणा, मान आपोआप येईल.

खुडूक
काही नाही. पिल्लू आईचाच गुण घेतं. मी इतकी वर्षं कोंबडी बघून निवडते.

अंडीवही
दोन्ही अर्धंच खरं. बहुतेक गुण दोघांकडून निम्मे निम्मे येतात. अपवाद लिंगाशी जोडलेल्या गुणांचा. कोंबडीत लिंग ठरवणारं झेड गुणसूत्र एकच असतं आणि ते तिच्या मुलग्यांनाच मिळतं. पट्टेरी पिसांची कोंबडी आणि बिनपट्ट्याचा काळा कोंबडा जोडला की नर पिल्लाच्या डोक्यावर पांढरा ठिपका येतो, मादीच्या नाही. पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात. उघडी मान तशी नाही, ती कुणाकडूनही येते.
रानवारा, एक सांगा. तुमच्या कोंबड्याच्या मानेवर पुढच्या बाजूला खाली पिसांचा झुबका आहे का?

रानवारा
आहे. अंगठ्याएवढा, छातीच्या वर. बाकी मान लाल, उघडी. सहाही पिल्लांना तसाच मऊ झुबका आहे.

अंडीवही
मग उत्तर तिथेच आहे. झुबका म्हणजे त्या गुणाची एकच प्रत, आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आलेली. दोन प्रती असत्या तर मान जवळजवळ साफ असती आणि साध्या कोंबड्यांपासूनही सगळी पिल्लं उघड्या मानेची निघाली असती. एका प्रतीमुळे निम्मी निघतात, तुमची ६ आणि ५ त्यातच बसतात.
झुबकेवाला आणि झुबकेवाली जोडली तर सरासरी चौथाई साफ मानेची, निम्मी झुबक्याची, चौथाई साधी. त्यातला साफ मानेचा नर ठेवला की पुढे सगळी पिल्लं उघड्या मानेची. पण असा नर आठात एक. १६ पिल्लं काढली तर दोनेक मिळतील, तेही नशिबानं. निवड मात्र पहिल्याच दिवशी होते, अंग वाळलं की मान दिसते.
पिसाराताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण उघड्या मानेत दोन प्रतींनी पक्षी तसा भुंडा होत नाही. पिसं आणखी कमी होतात एवढंच. एका प्रतीत साधारण २० टक्के, दोनात ४० टक्क्यांच्या आसपास.

तुरेवाला
म्हणजे खुराडी लागणारच. मी तेच म्हणालो.

चुलीमागे
तुरेवाल्यांना विचारा अंडी किती भरतात. रोझ तुऱ्याच्या दोन प्रती असलेल्या नरांची फळण्याची ताकद कमी असते. माझ्या एका कोंबड्याखालची निम्मी अंडी दिव्यासमोर धरली की स्वच्छ, रिकामी. मी कोंबड्यांच्या खाण्याला दोष देत बसले होते.

तुरेवाला
माझी भरतात. तुऱ्याला नावं ठेवू नका. १९०२ मध्ये बेटसन या इंग्रज शास्त्रज्ञानं मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांतही चालतात हे कोंबड्यांच्या तुऱ्यांवरच दाखवलं. रोझ आणि पी (वाटाणा) तुऱ्याचे पक्षी जोडले की अक्रोडासारखा तिसराच तुरा येतो.

चुलीमागे
त्यानं अंडी भरत नाहीत.

बांधावरून
लेकी बापाकडे ठेवू नका. मी भाऊ-बहीण जोडत तीन पिढ्या गेलो. अंडी फळायची, पण पिल्लं कवचातच मरायची. दुसरा कोंबडा आणा. आणि आणलात तर जुना बाजूला काढल्यावर निदान तीन आठवडे अंडी रवणीला ठेवू नका. कोंबडीच्या पोटात आधीच्या नराचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. माझी अख्खी एक रवण जुन्याच कोंबड्याची निघाली.

जुनंखोड
दणकट कोंबडा आणा, हेच मी म्हणालो.

अंडीवही
बाप-लेक एकदाच जोडून साफ मानेचा नर काढा आणि तो नात्याबाहेरच्या कोंबड्यांवर सोडा. एवढ्यानं बिघडत नाही. पिढ्यान् पिढ्या तेच केलं तर बिघडतं.

रानवारा
सगळ्यांचे आभार. दोन दिवस विचार केला. लेकी बापाशी जोडणार नाही, दुसरा कोंबडाही आणणार नाही.
माझा कोंबडा एकाच प्रतीचा आहे आणि त्याला ऊन सोसतं. मग साफ मानेसाठी १६ पिल्लं काढून १४ हलवायची कशाला? शिवाय माझी सगळ्यात चांगली खुडूक बसणारी कोंबडी भरल्या मानेची आहे. मागच्या खेपेला पाऊस आला तेव्हा सगळी पिल्लं पंखाखाली घेऊन ती भिजत बसली, एकही गारठलं नाही. तिचं रक्त कळपातून घालवायचं नाही.
रवणीला फक्त तिची आणि तिच्या बहिणीची अंडी ठेवीन. ती गडद आणि लांबुळकी असतात, लगेच ओळखू येतात. झुबक्याच्या तलंगा खायच्या अंड्यांसाठी राहतील.

तुरेवाला
म्हणजे दर खेपेला निम्मी साधी. कळप कधीच एकसारखा होणार नाही.

रानवारा
हो. काल ती पुन्हा खुडूक बसली. नऊ अंडी ठेवली आहेत.